ट्वायलाइट तिशीनंतर पुन्हा वाचताना : काय धरायचं, काय सोडायचं?

केतकी_धरमपेठ
आमच्या धरमपेठेतल्या वाचनकट्ट्यात पुढचं पुस्तक म्हणून स्टेफनी मेयरचं 'ट्वायलाइट' ठरलंय. कट्ट्यावरचे बहुतेक जण तिशी-पस्तिशीतले, म्हणजे २००८ च्या सिनेमाची लाट आली तेव्हा शाळा-कॉलेजात असलेले. आता तेच पुस्तक हातात घेतलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हे आपण वाचलंच कसं?" दुसरा काही न बोलता पुढचं पान उलटतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. दोष ढीगभर आहेत, पण पुस्तक ज्या गोष्टीमुळे चुकतं तिच्यामुळेच ते धरूनही ठेवतं. सतरा वर्षांची बेला आणि तिच्या शाळेतला व्हॅम्पायर एडवर्ड यांची ही प्रेमकथा, आणि सगळं बेलाच्या तोंडून येतं. तिला जे खटकत नाही ते वाचणाऱ्यालाही खटकू नये, अशी सगळी मांडणी आहे.

तर एकच पुस्तक घ्यावं की चारही? तीच कथा एडवर्डकडून सांगणारं 'मिडनाइट सन' मध्ये कुठे बसवावं का? कुठल्या प्रकरणांवर थांबावं? शिवाय दोन-तीन मेंबर नववी-दहावीतल्या मुलींना सोबत आणू म्हणून राहिले आहेत, त्यांचं काय? नुसतं "मस्त" किंवा "बकवास" लिहू नका बाप्पा, प्रकरण क्रमांकासकट लिहा.

तर्री_जास्त
नागपुरात, मे महिन्यात, व्हॅम्पायर! एडवर्डला नवतप्याच्या उन्हात बर्डीच्या बाजारात सोडा एकदा. तिथले गॉगलवाले दोन दिवसांत वर्षभराचं कमावतील.

ग्रंथपाल_निवृत्त
केतकीताई, आधी बांधणी पाहून घ्या, बैठकींची वाटणी त्यावरून आपोआप पडते.

पहिल्या पुस्तकात २४ प्रकरणं आहेत, वर एक प्रास्ताविक आणि एक उपसंहार. मेयरनं स्वतः सांगितलंय की २ जून २००३ ला तिला कुरणातल्या मुलीचं आणि चमकणाऱ्या मुलाचं स्वप्न पडलं. तेच आधी लिहिलं गेलं आणि पुढे १३ वं प्रकरण झालं. तिथून ती शेवटापर्यंत गेली आणि मग मागे येऊन सुरुवात लिहिली. पहिला खर्डा सुमारे तीन महिन्यांत पूर्ण. म्हणजे पहिली बारा प्रकरणं शेवट ठाऊक असताना लिहिलेली आहेत, सगळी त्या कुरणाकडे नेणारी. तिथे "काही घडत नाही" ही तक्रार बरोबर आहे, पण तिथे घडायचंच नसतं. वाट बघायला लावणं हेच त्यांचं काम.

खलनायक येतो कधी? एडवर्डच्या कुटुंबाच्या बेसबॉलच्या वेळी. १७ व्या प्रकरणाच्या शेवटी चाहूल लागते. तो समोर येतो आणि पाठलाग सुरू होतो १८ व्यात. पाऊण पुस्तक संपलेलं असतं. म्हणून चार बैठका अशा करा : १ ते ७, ८ ते १३, १४ ते १७, १८ ते शेवट. तिसरी बैठक पानांनी सगळ्यात लहान आणि भांडणानं सगळ्यात मोठी होईल.

पुस्तक सुमारे १ लाख १८ हजार शब्दांचं आहे. मिनिटाला २५० शब्दांच्या वेगानं आठ तास. ऐकणार असाल तर सुमारे १३ तास धरा. आणि पान क्रमांकावर चर्चा ठेवू नका. अमेरिकन बांधीव आवृत्ती ४९८ पानांची, आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅकची पानं वेगळी. प्रकरण आणि प्रसंग सांगायचा.

उंबरठा
वाट बघायला लावणं वगैरे ठीक आहे, पण तोवर तो मुलगा काय काय करतो त्याची यादी कोणी देणार का? मीच देते.

५ वं प्रकरण : रक्तगट तपासायच्या तासाला बेलाला चक्कर येते. नंतर तिला स्वतःच्या गाडीनं जायचं असतं, तर हा तिला जॅकेट धरून आपल्या गाडीकडे ओढतो, आणि पळालीस तर परत ओढून आणीन म्हणतो. ८-९ : जवळच्या पोर्ट एंजेलिस शहरात तिच्या मागावर गेलेला असतो. १४ : जवळपास रोज रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली बघतो, हे कळतं. तिसऱ्या पुस्तकात ती जेकबकडे (तिचा मित्र आणि दुसरा चाहता, जो लांडगा होऊ शकतो) ला पुश या त्याच्या वस्तीत जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो, आणि तिच्यावर पहारा ठेवायचा मोबदला म्हणून बहिणीला पोर्शे देतो.

जेकबवाल्यांनीही फार खूश होऊ नये. त्याच पुस्तकात तो तिचं जबरदस्तीनं चुंबन घेतो, ती ठोसा मारते, हात तिचाच मोडतो आणि घरी बाप जेकबचंच कौतुक करतो. पुढे मरायला जातो अशी धमकी देऊन दुसरं चुंबन मिळवतो. आणि चौथ्या पुस्तकात बेला-एडवर्डच्या नवजात बाळावर 'इम्प्रिंट' होतो, म्हणजे तिच्याशी आपोआप जन्मभरासाठी बांधला जातो. ते लेखिकेनं ऐन वेळी काढलेलं नाही बरं, तिसऱ्या पुस्तकात जेकबचा लांडगा-मित्र क्विल आणि दोन वर्षांच्या क्लेअरवर त्याची तयारी करून ठेवलेली आहे.

संत्रासाल
+१. क्लेअरचा भाग वाचताना बेला स्वतः आधी हादरते, मग जेकब समजावतो आणि ती मान्य करते. लेखिकेला आक्षेप ठाऊक होता, उत्तरही तयार होतं. फक्त ते उत्तर पटत नाही.

बोरकूट
उंबरठाताई, यादी बरोबर आहे, पण ट्रकचं अर्धंच सांगितलंत. ट्रक दोनदा बंद पाडला जातो. पहिल्यांदा बंद पाडणारा एडवर्ड नाही, बेलाचा बाप चार्ली आहे.

१४ व्या प्रकरणात बेला लवकर झोपायला जाते, चार्लीला संशय येतो की पोरगी रात्री पळणार. तो बाहेर जाऊन बॅटरीच्या वायरी काढून ठेवतो. सकाळी कामावर जाताना परत लावतो, हे १५ व्यात एडवर्डच सांगतो, गंमत म्हणून. म्हणजे त्या रात्री बाप पोरीची गाडी बंद करून निश्चिंत झोपतो, आणि ज्याच्यापासून तिला वाचवायचं तो तिच्या खोलीतच बसलेला असतो. तरुणपणी हे वाचून हसू येतं. नंतर त्या दोन माणसांच्या कृतीत फरक किती, हे मोजावंसं वाटतं.

आणि ३ रं प्रकरण नीट वाचा. रस्त्यावर बर्फ जमलेला असतो, तरी ट्रक घसरत नाही म्हणून बेला चाकं बघते, तर चार्लीनं पहाटे उठून साखळ्या लावलेल्या असतात. तिला रडू येतं. त्याच क्षणी शाळेतल्या टायलरची व्हॅन घसरत येते आणि एडवर्ड तिला वाचवतो. बापाची न बोलता केलेली माया आणि नायकाची अचाट कामगिरी एकाच पानावर. चर्चा सगळी दुसरीवर झाली, पण बांधकाम पहिलीवर उभं आहे.

उंबरठा
वाचायला छान आहे, पण समांतर रचना दाखवली म्हणून कृत्य सौम्य होतं का? चार्ली बाप आहे आणि पोरगी सतरा वर्षांची आहे. एडवर्डला कोणता अधिकार?

बोरकूट
सौम्य होत नाही. उलट दिसायला लागतं. तिसऱ्या पुस्तकात ट्रक बंद पडल्यावर बेला खिडकी लावून घेते, चिडते, आणि पुढे एडवर्ड माघार घेऊन स्वतः तिला लांडग्यांच्या हद्दीपर्यंत सोडायला लागतो. एवढा बदल लेखिकेनं दाखवलाय. पुरेसा नाही, पण आहे. यादी करताना त्याचीही नोंद घ्या, इतकंच म्हणणं.

कोर्टाची_पायरी
मुलींना आणायचं म्हणताय म्हणून लिहितो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (आधीचं ३५४ ड, २०१३ पासूनचं) पाठलागाबद्दल आहे. स्त्रीनं स्पष्ट नाराजी दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क साधणं, हा त्याचा गाभा. आता १४ वं प्रकरण यात बसवून बघा. बेला नाराजी दाखवतच नाही. तिला राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा की झोपेत बडबडताना तिनं काय काय बोलून टाकलं. तो खोलीत आला कसा, याचा नाही.

म्हणजे "तिला चाललं ना मग" हे उत्तर मुलींकडून हमखास येणार. तिथे ओरडून उपयोग नाही. विचारायचं असं की, तिला कळलं कधी? कितीतरी रात्री उलटल्यावर. जी गोष्ट ठाऊकच नाही तिला नाही म्हणायची संधी कुठे होती? पुढचा होकार मागच्या रात्रींना लागू पडतो का? एवढ्या प्रश्नावर एक तास जातो.

घरात शिरण्याचा मुद्दा वेगळा. तिथे तर घरमालक चार्ली खुद्द फोर्क्स गावाचा पोलिस चीफ आहे, त्यामुळे नायकाच्या हिमतीची दाद द्यावी लागते. कृपया हलकेच घ्या.

ग्रंथपाल_निवृत्त
कोर्टसाहेब, याच प्रश्नासाठी 'मिडनाइट सन' उपयोगी पडेल. ते २०२० च्या ऑगस्टमध्ये आलं. २००८ मध्ये अपुरा खर्डा फुटला, तेव्हा मेयरनं तो आपल्या संकेतस्थळावर ठेवून काम थांबवलं होतं. कथा पहिल्या पुस्तकाचीच, सांगणारा एडवर्ड.

पूर्ण वाचू नका, साडेसहाशेच्या वर पानं आहेत. पहिलं प्रकरण घ्या. बेला वर्गात शिरते तेव्हा हा अख्ख्या वर्गाला कुठल्या क्रमानं मारायचं याचा हिशेब करत असतो. बेलाच्या पुस्तकात तोच प्रसंग म्हणजे एक देखणा मुलगा उगाच तिरस्कारानं बघतोय, एवढाच. खिडकी वाजू नये म्हणून तिला तेल घालणारा एडवर्डही इथेच भेटतो. केतकीताई म्हणतात ते "बेलाला दिसत नाही" हे सिद्ध करायला ही दोन ठिकाणं पुरेत.

क्रम मात्र चुकवू नका. आधी मूळ प्रकरण, चर्चा, मग तोच प्रसंग एडवर्डकडून. उलट केलंत तर गूढ आधीच फुटतं आणि मूळ पुस्तक पोकळ वाटतं.

सावजी_ऑन_सेव्हन्थ_फ्लोअर
ते प्राण्यांचं रक्त पिऊन स्वतःला 'शाकाहारी' म्हणवतात, त्यावर कोणीच बोललं नाही. नागपुरात हा शाकाहार लगेच खपेल.

तर्री_जास्त
हव! आणि चौथ्या पुस्तकातला एडवर्डचा डॉक्टर बाप गुणसूत्रं मोजतो ते? माणसाच्या २३ जोड्या, व्हॅम्पायरच्या २५, त्या अर्ध्या माणूस-अर्ध्या व्हॅम्पायर पोरीच्या २४ आणि लांडग्याच्याही २४. बारावी बायोलॉजीवाल्या सरांना दाखवा कोणीतरी, पेपर तपासायचे सोडून देतील.

मेघदूत_मान्सून
एक गोष्ट नागपूरकरांच्याच लक्षात येईल म्हणून लिहिते. बेला फोर्क्सला येते ती वाळवंटातल्या फिनिक्सहून. तिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. फोर्क्सला सुमारे ३०००. नागपूरला ११०० च्या आसपास, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. आपल्याकडे आभाळ भरून आलं की सुटका, तिच्यासाठी सुरुवातीला ती शिक्षा. मेयरनं हे गाव निवडलं तेच मुळी अमेरिकेतली सगळ्यात पावसाळी जागा नेटवर शोधून. पुस्तकाचं पहिलं नावही 'फोर्क्स' होतं.

आता हवामानाची वाक्यं पेन्सिलीनं खुणावत चला. ७ व्या प्रकरणाच्या शेवटी ऊन पडतं, बेला खूश होऊन शाळेत जाते आणि एडवर्डच्या कलन कुटुंबातलं कोणीच आलेलं नसतं, कारण उन्हात त्यांची कातडी चमकते. दुसऱ्या दिवशीही ऊन, पुन्हा कोणी नाही. तिथून पुढे ढग म्हणजे भेट आणि ऊन म्हणजे विरह. उन्हावर जीव टाकणारी मुलगी सकाळी पडदा सरकवून ढग आहेत ना ते बघायला लागते. लेखिका हे कुठेही समजावून सांगत नाही. "गद्य भिकार आहे" म्हणणाऱ्यांनी हे कुठे बसवायचं ते सांगावं.

अर्धविराम
मी आहे ना "गद्य भिकार" वाला. हवामानाचे गुण दिले, पूर्ण. पण १३ व्या प्रकरणाचं कुठलंही पान घ्या आणि एडवर्डच्या रूपाची विशेषणं अधोरेखित करा. संगमरवर, दगड, बर्फ, परिपूर्ण, देवदूत, पुन्हा संगमरवर. लोक साधं बोलत नाहीत. पुटपुटतात, खिदळतात, उसासतात. आणि बेलाचा एकमेव दोष म्हणजे ती धडपडते, तोही असा की दर वेळी कोणीतरी सावरायला हजर. कट्ट्यावर एक पान मोठ्यानं वाचा, तिसऱ्या परिच्छेदाला आपोआप हसू येईल.

याचं कारणही बांधणीतच आहे. ज्या पुस्तकात बाराव्या प्रकरणापर्यंत नुसतं बघणंच आहे, त्यात बघितलेलं पुन्हा पुन्हा सांगण्याशिवाय दुसरं काय उरतं?

मेघदूत_मान्सून
हे मान्य. पण सतराव्या वर्षी माणूस बघतोही तसाच ना, तेच तेच.

अर्धविराम
तो बघतो. ५०० पानं छापत नाही.

पानगळ
दुसरं पुस्तक कोणी काढलंच नाही. 'न्यू मून'मध्ये एडवर्ड सोडून गेल्यावर चार पानं येतात, वर फक्त महिन्यांची नावं : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी कोरी. जी लेखिका एका स्मितावर परिच्छेद खर्चते तिनं नैराश्यावर एक शब्द खर्च केला नाही. अख्ख्या मालिकेत यापेक्षा धीट जागा नाही.

व्यवहारी सूचना. फुटपाथवरून जुनी प्रत घेणार असाल तर ही चार पानं आधी बघा. नकली छपाईत कोरं पान म्हणजे वाया गेलेला कागद, त्यामुळे तीच गाळण्याचा मोह होतो. ती नसतील तर एक प्रकरण संपून एकदम चार महिने उडी पडते आणि वाचणाऱ्याला फॉर्मा गहाळ झालाय असं वाटतं. उलटही होतं. पानं जागेवर असतात आणि लोक दुकानदाराशी भांडतात की छापायचं राहिलंय! नकली प्रतीची बाकी लक्षणं म्हणजे 'ट्वायलाइट'च्या मुखपृष्ठावरच्या सफरचंदाचा लाल रंग किरमिजी-तपकिरी, हातांच्या कडा फिसकटलेल्या, शाई मागच्या पानावर उतरलेली. सिनेमाच्या फोटोचं मुखपृष्ठ असलं तरी मजकूर तोच असतो, तेवढ्यासाठी नाकारू नका.

संत्रासाल
अवांतर : सिनेमा दाखवायचा असेल तर फक्त पहिला, कॅथरीन हार्डविकचा. निळसर-हिरवट रंग, हातात हलणारा कॅमेरा, अवघडलेली पोरं. पुढच्या चार सिनेमांत दिग्दर्शक बदलले आणि सगळं गुळगुळीत झालं. शेवटच्या सिनेमातली मोठी लढाई पुस्तकात नाहीच. तिथे दोन्ही बाजू बर्फात समोरासमोर उभ्या राहतात, बोलणी करतात आणि घरी जातात. सिनेमावाल्यांनी ती एडवर्डच्या भविष्य दिसणाऱ्या बहिणीच्या, ॲलिसच्या दृष्टांतात घालून वेळ मारून नेली.

उंबरठा
सगळे एडवर्ड-बेलावर अडकलेत. जेकब ज्या जमातीतला, त्या क्विल्यूट लोकांचं काय? ते खरे आहेत, ला पुश खरं आहे. त्यांच्या उगमकथेत लांडग्यांपासून माणसं घडवली गेली, हे खरं. पण 'थंड लोक', व्हॅम्पायरांशी करार, माणसाचा लांडगा होणं, हे सगळं मेयरनं रचलेलं. जगभरातल्या वाचकांना त्यांची परंपरा म्हणून ठाऊक झालं ते हेच. सिएटलच्या बर्क संग्रहालयानं जमातीसोबत खरं-खोटं सांगणारं संकेतस्थळ केलं, ते कट्ट्याआधी सगळ्यांना वाचायला द्या. त्यांची वस्ती समुद्राला अगदी लागून, त्सुनामीच्या पट्ट्यात आहे. २०१२ च्या कायद्यानं त्यांना वर जायला राष्ट्रीय उद्यानातली जमीन मिळाली. शाळा उंचावर हलवणं हे त्यांचं पहिलं मोठं काम. ६ व्या प्रकरणात समुद्रकिनाऱ्यावर जेकब गोष्ट सांगतो, तिथे थांबून हे बोलता येईल.

त्याच प्रकरणात बेला गोष्ट काढून घ्यायला पंधरा वर्षांच्या जेकबशी मुद्दाम लाडिक बोलते, हेही विसरू नका. ती नेहमीच भोळी नसते.

बोरकूट
हे शेवटचं लाखमोलाचं. आणि कलन कुटुंबातला जॅस्परही घ्या. अमेरिकन यादवीत गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात मेजर होता, तिसऱ्या पुस्तकात ते सांगितलंय. कोणाला त्याचं काहीच वाटत नाही.

केतकी_धरमपेठ
भरपूर मिळालं. ठरवलंय ते असं : फक्त पहिलं पुस्तक, ग्रंथपालकाकांच्या वाटणीनं चार बैठका. तिसरीत १४ व्यासोबत कोर्टसाहेबांचा प्रश्न. 'मिडनाइट सन'चं पहिलं प्रकरण पहिल्या बैठकीच्या शेवटी, आणि खिडकीचा तेवढा उतारा तिसरीत. 'न्यू मून'ची चार पानं नुसती हातोहात फिरवू.

मुलींचं अजून अडलंय. त्यांना चारही बैठकींना बसवावं का?

कोर्टाची_पायरी
नको. आई समोर असली की पोरगी एक तर गप्प बसते, नाही तर मुद्दाम एडवर्डची बाजू घेते. त्यांची बैठक वेगळी ठेवा, ८ ते १४ प्रकरणांवर, आणि कोणाचीच आई त्यात नको. मोठ्यांपैकी एकानं फक्त प्रश्न विचारायचे.

पानगळ
आणि त्यांना 'लाइफ अँड डेथ' दाखवा. दहाव्या वर्धापनाला, २०१५ मध्ये आलं. तीच कथा, पण मुलगा माणूस आणि मुलगी व्हॅम्पायर. बेला सतत वाचवली जाणारी अबला आहे, या आक्षेपाला मेयरचं उत्तर म्हणजे हे पुस्तक. खोलीत रात्री बघत बसणारी मुलगी असेल तर प्रसंग कसा वाटतो, हे १४ वं प्रकरण दोन्हीकडून शेजारी ठेवून विचारा. काही जणींना कमी भीतिदायक वाटेल, काहींना नाही. का, ते त्यांनाच सांगू द्या. शेवट मात्र वेगळा आहे, तो फोडू नका.

ग्रंथपाल_निवृत्त
मोठ्यांच्या चौथ्या बैठकीला १९ वं प्रकरण मोठ्यानं वाचायला ठेवा. माग काढणाऱ्या खलनायक जेम्सपासून चार्लीला वाचवायचं म्हणून बेला घर सोडते. चार्ली मागे येऊ नये यासाठी तिची आई त्याला सोडून जाताना जे बोलली होती नेमकं तेच त्याच्या तोंडावर फेकते. आठ तासांच्या वाचनात एवढं क्रूर आणि एवढं नेमकं दुसरं काही नाही. तिथे विशेषणंही नाहीत. अर्धविराम, हे तुम्ही वाचा.

अर्धविराम
वाचतो. हे पान चांगलं आहे हे मी कधीच नाकारलं नव्हतं, कोणी विचारलंच नाही. चार्ली कोण करेल?

तर्री_जास्त
मी. त्याला त्या प्रसंगात फार बोलायचं नाही, नुसतं दारात उभं राहायचंय, ते जमेल. पण पोलिस चीफला अंडी आणि बेकनशिवाय काही रांधता येत नाही म्हणतात, तर त्या दिवशी नाश्ता दुसऱ्या कोणीतरी आणा बाप्पा.